चित्रांचें दप्तर : डिजिकॅम या प्रोग्रॅमाची ओळख व कांहीं अनुभव

सन २०१२ सालीं आमच्या गांवच्या सोसायटीनें खताचें व बियाण्याचें नवें गोदाम बांधावयास घेतलें, तेव्हां जोतें किती उंच धरावें असा प्रश्न निघाला. गांव कृष्णाकांठीं आहे. सन २००५ च्या महापुरांत पाणी कोठपर्यंत चढलें होतें तें समजल्यास त्याच्यावर एक फूट जोतें घ्यावें, इतकी ती साधी गोष्ट होती. त्या पुराचीं छायाचित्रें मीं स्वतः काढलीं होतीं. पुतण्याचा लहानसा डिजिटल कॅमेरा त्या दिवसांत माझ्यापाशीं होता, आणि मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांशीं पाणी टेकलेलें असतां एक चित्र काढल्याचें मला पक्कें आठवत होतें. परंतु तें चित्र कांहीं केल्या सांपडेना. संगणकांत सालवार फोल्डर केलेले होते. २००५ सालचा फोल्डर मीं तीन रात्री उलथापालथा केला, पण पुराचें एकही चित्र त्यांत मिळालें नाहीं. शेवटीं दोघां वृद्ध गृहस्थांच्या आठवणीवरून देवळाची खालून तिसरी पायरी ही पूररेषा ठरली आणि जोतें बांधून झालें.

पुढें ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेस पुनः महापूर आला. गोदामांत दोन फूट पाणी शिरलें आणि युरियाच्या पोत्यांचे खालचे दोन थर विरघळून गेले. त्यानंतर तीन वर्षांनीं, पाय मोडल्यामुळें मी सहा आठवडे घरीं बसून होतों, तेव्हां तें हरवलेलें चित्र मला सांपडलें. त्यांत पाण्याची कड स्पष्टपणें पांचव्या पायरीवर होती. तिसरी व पांचवी यांतील अंतर मीं नंतर फुटपट्टीनें मोजून घेतलें. तें चौदा इंच भरलें. सन २०१९ चें पाणी आमच्या गांवीं २००५ पेक्षांही वर आलें होतें, तेव्हां चित्र वेळेवर मिळालें असतें तर गोदाम कोरडें राहिलें असतें असें मी म्हणत नाहीं. पण दोन फुटांऐवजीं दहा इंच पाणी आलें असतें, आणि दोन थरांऐवजीं एकच थर गेला असता. सोसायटीच्या वार्षिक सभेंत हा हिशेब मीं स्वतःच मांडला. एका सभासदानें विचारलें कीं, उभी नोकरी मामलेदार कचेरीच्या दप्तरांत घालविलेल्या माणसाच्या घरचा कागद गहाळ होतो कसा? या प्रश्नास तेथें मला उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें सविस्तर देत आहें.

चित्र गहाळ झालें नव्हतें, तें चुकीच्या रुमालांत बांधलें गेलें होतें. डिजिटल कॅमेऱ्यांत एक लहान घड्याळ असतें. बॅटरी पुष्कळ दिवस काढून ठेवली म्हणजे तें घड्याळ थांबतें व पुनः चालूं होतांना कारखान्यांत ठरविलेल्या मूळ तारखेपासून मोजूं लागतें. पुतण्याच्या कॅमेऱ्याचें तसेंच झालें होतें. ऑगस्ट २००५ मध्यें काढलेल्या चित्रावर त्यानें २ जानेवारी २००३ ही तारीख घातली. पुढें चित्रें संगणकावर उतरवून घेतांना तारखेप्रमाणें फोल्डर आपोआप पडले, आणि पुराचीं चित्रें २००३ च्या फोल्डरांत, पुतण्याच्या कॉलेजांतील सहलीच्या चित्रांमागें जाऊन बसलीं. त्या फोल्डरांत पूर शोधण्याचें कोणाच्या मनांत यावें? चित्राचें नांव पाहून ओळखावें तर कॅमेरा नांव देतो तें चार अक्षरें व चार आंकडे इतकेंच असतें. आणि आंकडा ९९९९ झाला कीं तो पुनः एकपासून सुरू होतो, त्यामुळें एकाच नांवाचीं दोन-तीन चित्रें घरांत असणें हें मुळींच नवल नाहीं. मीं पूर्वीं चित्रांच्या क्रमांकांची एक वही घातली होती. ती याच कारणानें निरुपयोगी ठरली.

आतां प्रत्येक डिजिटल चित्राच्या पोटांत काय असतें तें थोडक्यांत सांगतों. जेपेग नांवाच्या ज्या प्रकारांत बहुतेक चित्रें सांठविलीं जातात, त्यांत चित्राबरोबर एक टिपण असतें. या टिपणाची पद्धत जपानांतील कॅमेरा-उद्योगानें १९९५ सालीं ठरविली. तिला एक्झिफ म्हणतात. चित्र केव्हां काढलें, कोणत्या कॅमेऱ्यानें, भिंगाचें तोंड किती उघडें होतें, आणि मोबाइल असल्यास व स्थळनोंद चालूं असल्यास अक्षांश-रेखांश, हें सर्व त्यांत येतें. हें टिपण यंत्र आपण होऊन लिहितें. चित्रांत कोण आहे, गट नंबर कोणता, पानावरचा डाग तांबेऱ्याचा कीं करप्याचा, हें मात्र यंत्रास कळत नाहीं. तें माणसानें लिहावें लागतें. त्यासाठीं टिपणाच्या आणखी दोन पद्धती आहेत. एक वृत्तपत्रवाल्यांच्या आयपीटीसी या संस्थेची, आणि दुसरी अडोबी कंपनीनें २००१ सालीं काढलेली एक्स-एम-पी, जी पुढें आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. वाचकांनीं हीं नांवें पाठ करण्याची जरूर नाहीं. चित्राच्या पाठीवर शेरा लिहिण्यास जागा ठेवलेली आहे, आणि तो शेरा कोठलाही नीट केलेला प्रोग्रॅम वाचूं शकतो, एवढें ध्यानीं धरलें म्हणजे पुरे.

हा शेरा सोयीनें लिहितां यावा, आणि हजारों चित्रांतून हवें तें एका क्षणांत काढतां यावें, यासाठीं जे प्रोग्रॅम आहेत त्यांपैकीं मी वापरतों तो डिजिकॅम. सन २००१ च्या सुमारास रेंची राजू या प्रोग्रॅमकर्त्यानें तो आरंभिला. पुढें बरीच वर्षें फ्रान्समधील जिल कोलिए व त्यांचे सहकारी त्याचा सांभाळ करीत आले आहेत. केडीई नांवाच्या, स्वयंसेवकांनीं चालविलेल्या मोठ्या समूहाचें तें काम आहे. त्यास मोल पडत नाहीं, आणि त्याची घडण कोणालाही उघडून पाहतां येते. लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर तो चालतो. मोबाइलवर मात्र तो चालत नाहीं. मोबाइलमधील चित्रें तारेनें संगणकांत उतरवून घ्यावीं लागतात. प्रथम उघडतांना चित्रें कोठें आहेत व नोंदवही कोठें ठेवावयाची असे प्रश्न तो विचारतो. शिवाय चेहरे ओळखण्यासाठीं लागणारीं मोठालीं साधनें इंटरनेटवरून आणावीं काय असेंही विचारतो. ज्यांस तीं नको असतील त्यांनीं तो भाग सोडून पुढें जावें. प्रोग्रॅमांतील शब्द पाहून प्रथम छाती दडपते. मजसारख्या मराठी सातवीवर नोकरीस लागलेल्या माणसास दोन आठवड्यांत त्यांतले लागतात तेवढे समजले, यावरून अडचण किती मोठी आहे याचा अंदाज वाचकांनीं करावा.

या प्रोग्रॅमाचें मर्म समजण्यास कचेरींतील दप्तराचाच दाखला घेऊं. रेकॉर्डांत एक कागद एकाच रुमालांत राहूं शकतो. एखादें प्रकरण गांवाच्या रुमालांत ठेवलें तर सालाच्या रुमालांत तें नसतें; बांधाच्या तंट्याचें म्हणून ठेवलें तर पाण्याच्या तंट्याच्या गठ्ठ्यांत नसतें, मग तंटा दोहोंचाही असो. फोल्डर हा रुमालासारखाच आहे. म्हणून जुने हुशार रेकॉर्डकीपर एकाच प्रकरणाची नोंद दोन-तीन अनुक्रमणिकांत करीत, आणि त्यांच्या हाताखालीं कागद मागितल्यावर पान खाऊन होईपर्यंत हजर होई. डिजिकॅममध्यें ही अनुक्रमणिका म्हणजे टॅग. त्यास मी येथें खूणचिठ्ठी म्हणतों. एका चित्रास पाहिजे तितक्या खूणचिठ्ठ्या लावतां येतात. चित्र आपल्या फोल्डरांतून हलत नाहीं आणि त्याची दुसरी प्रतही होत नाहीं. तरी तें “पूर” म्हणून मागितलें असतां मिळतें, “मारुतीचें देऊळ” म्हणून मागितलें असतां मिळतें, आणि “२००५” म्हणूनही मिळतें. माझें तें एक चित्र अशा तीन चिठ्ठ्यांनिशीं ठेवलेलें असतें तर घड्याळ कितीही चुकलें तरी बिघडलें नसतें.

खूणचिठ्ठ्या झाडासारख्या मांडतां येतात. माझ्या संग्रहांत “शेत” हें खोड. त्याला आमच्या चार गटांच्या चार फांद्या. “पीक” या दुसऱ्या खोडास ऊस, सोयाबीन, हरभरा व भाजीपाला. “रोग व कीड” या तिसऱ्यास हुमणी, लोकरी मावा, तांबेरा, करपा अशा डहाळ्या. “पाणी” या खोडाखालीं विहीर, पाइपलाइन, पूर. “कागद” या खोडाखालीं सात-बारा, फेरफार, पावत्या यांचीं मोबाइलनें काढलेलीं चित्रें. प्रोग्रॅमाच्या उजव्या अंगास एक पट्टी असते, तींत ही झाडें दिसतात. शंभर चित्रें एकदम निवडून त्यांवर एकदांच खूण करितां येते, त्यामुळें काम वाटतें तितकें कंटाळवाणें नाहीं. डाव्या अंगास हींच झाडें पुनः असतात. तेथें “हुमणी” वर बोट ठेवलें कीं कोणत्याही सालचीं, कोणत्याही फोल्डरांतील हुमणीचीं सर्व चित्रें समोर येऊन उभीं राहतात. मागच्या आडसाली उसांत कोणत्या महिन्यांत पानें पिवळीं पडूं लागलीं होतीं, हा प्रश्न आतां आठवणीवर सोडावा लागत नाहीं.

येथें एक सूचना करणें जरूर आहे, कारण ही चूक मीं स्वतः केली. आरंभीं मीं एकदां “हुमणी”, एकदां “हुमणी अळी” आणि एकदां “हुमणीचा प्रादुर्भाव” अशा तीन निरनिराळ्या चिठ्ठ्या करून बसलों. यंत्रास त्या तीन वेगळ्या वस्तु वाटतात. कचेरींत एकाच खातेदाराचें नांव तीन तऱ्हांनीं लिहिलें गेल्यामुळें होणारे घोटाळे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. शब्द आधीं एका कागदावर ठरवावे, ते थोडे असावे, आणि नवा शब्द घालण्यापूर्वीं जुना आहे काय तें पाहावें. गट नंबर पोटहिस्सा पडून बदलतो, म्हणून शेतास गट नंबराबरोबर घरांतलें नांवही ठेवावें. “चिंचेचा तुकडा” हें नांव फेरफारानें बदलत नाहीं. शब्द मराठींत लिहिण्यास कांहींही हरकत नाहीं. मात्र आखूड असावे हें बरें. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतींत एका शब्दास ६४ बाइट इतकीच जागा असते, आणि देवनागरींतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट खातें. म्हणजे एकवीस चिन्हांच्या पुढें शेपूट कापलें जाण्याचा संभव.

खूणचिठ्ठ्यांखेरीज चित्रास पांचांपैकीं तारे देणें, रंगाची खूण करणें, खालीं सविस्तर वर्णन लिहिणें, ह्या गोष्टीही आहेत. वर्णनाची जागा शेतकऱ्यास फार उपयोगी. औषध कोणतें, पाण्यास किती घातलें, फवारणी कोणत्या दिवशीं केली हें मी तेथें लिहितों. दोन चित्रें शेजारींशेजारीं ठेवून एकदमच मोठीं करून पाहण्याची एक सोय आहे; फवारणीपूर्वींचें पान व आठ दिवसांनंतरचें पान तींत ताडून पाहावें. एकसारखीं दिसणारीं चित्रें हुडकण्याचीही सोय आहे. मोबाइलनें एकाच झाडाचीं दहा चित्रें काढण्याची जी तरुण मंडळींस संवय आहे तिच्यावर हा चांगला उतारा होय, परंतु कोणतें फेकावें तें डोळ्यांनीं पाहून ठरवावें. यंत्राच्या मतें “सारखीं” असलेल्या दोन चित्रांपैकीं एकांतच कीड दिसत असणें शक्य आहे. चेहरे ओळखून नांव सुचविण्याची युक्तीही यांत आहे व ती घरच्या संगणकांतच चालते, चित्रें बाहेर कोठें पाठविलीं जात नाहींत. लग्नकार्याच्या चित्रांस ती ठीक. शेतीच्या कामीं तिचा मला उपयोग पडला नाहीं.

आतां ज्या मुद्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळतों. आपण खूणचिठ्ठी लावली, वर्णन लिहिलें. तें राहतें कोठें? याची तीन स्थळें आहेत, आणि लोक हें विचारीत नाहींत म्हणून पुढें हळहळतात. पहिलें स्थळ प्रोग्रॅमाची स्वतःची नोंदवही. डिजिकॅम आपल्या नोंदी एस-क्यू-लाइट या प्रकारच्या एका फाइलींत ठेवतो. शोध तात्काळ लागतो तो तिच्यामुळें. दुसरें स्थळ चित्राच्या पोटांतील टिपण, ज्याविषयीं वर सांगितलें. तिसरें स्थळ चित्राच्या शेजारीं ठेवलेली एक लहान वेगळी फाइल. तिला साइडकार म्हणतात, मी जोडपत्र म्हणतों. चित्राचें पूर्ण नांव घेऊन त्यापुढें “.एक्स-एम-पी” इतकें जोडलें म्हणजे जोडपत्राचें नांव होतें. डिजिकॅमच्या व्यवस्थेंत “मेटाडेटा” म्हणून एक पान आहे, त्यांत या तिहींपैकीं कोठें कोठें लिहावयाचें तें मालकानें ठरवावयाचें असतें. मीं ओळखींतले तिघे चित्रसंग्राहक पाहिले; तिघांनींही तें पान उघडलेंच नव्हतें.

केवळ नोंदवहींत लिहून स्वस्थ बसण्यांत धोका काय, हें पिकासा या प्रोग्रॅमाच्या हकीकतीवरून ध्यानीं येईल. गूगल कंपनीनें तो २००४ सालीं विकत घेतला व फुकट वांटला. सोपा असल्यानें लाखों घरांत तो गेला. १५ मार्च २०१६ पासून कंपनीनें त्याचा सांभाळ थांबविला. तेव्हां असें दिसून आलें कीं, जेपेग चित्रांस लावलेले खूणशब्द व खालीं लिहिलेल्या ओळी त्यानें चित्रांच्या पोटांतच लिहिल्या होत्या, त्या दुसऱ्या प्रोग्रॅमांस वाचतां आल्या. परंतु चित्रांस दिलेले तारे व निवडून केलेले संग्रह हे त्याच्या स्वतःच्या टिपणवहींत होते. त्यांची भाषा तोच जाणे. प्रोग्रॅम कितीही चांगला असो, तो चालविणारे थकतात, कंपन्या धोरण बदलतात. डिजिकॅमही उद्यां बंद पडूं शकेल. नोंदवही ही प्रोग्रॅमाची, आणि शेरा हा चित्राचा. म्हणून शेरा चित्राबरोबर राहील अशीच व्यवस्था ठेवावी, हें माझें स्पष्ट मत आहे.

तर मग सर्वच चित्रांच्या पोटांत लिहावें काय? येथें माझ्यांतील जुना कारकून आड येतो. रोग-किडीचीं, पिकांचीं, घरगुती चित्रें यांच्या पोटांत खुशाल लिहावें. त्यानें चित्राच्या रूपास धक्का लागत नाहीं, कारण टिपणाची जागा निराळी व चित्राची निराळी. परंतु जें चित्र पुराव्यासाठीं राखावयाचें आहे, जसें बांध फोडल्याचें, झाड तोडल्याचें, पूररेषेचें, विहीर ढासळल्याचें, त्याच्या पोटांत हात घालूं नये. कारण असें : फाइलीच्या सर्व अक्षरांवरून गणितानें एक लांबलचक आंकडा काढतां येतो. त्याला हॅश म्हणतात, आपण ठसा म्हणूं. फाइलींत एका बिंदूचाही फरक झाला कीं ठसा साफ निराळा येतो. लाखेच्या मोहोरेसारखी ही गोष्ट आहे. मोहोर शाबूत असेल तर आंतील कागद उघडलेला नाहीं. सन २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणें अशा यंत्रांतील नोंद पुराव्यांत दाखल करितांना प्रमाणपत्र द्यावें लागतें, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यांत हा ठसा लिहावयाचा असतो. आपण चित्राच्या पोटांत “पूर” हा एक शब्द जरी लिहिला, तरी फाइलीचा ठसा बदलला. शब्द खरा आहे, पण मोहोर मोडली. अशा चित्रांसाठीं जोडपत्र योग्य. तें चित्रास शिवत नाहीं, मूळ जसेंच्या तसें राहतें, आणि शेरा तर शेजारीं हजर. मीं पुराव्याचीं चित्रें एका वेगळ्या फोल्डरांत ठेवून “केवळ जोडपत्रांत लिहावें” अशी व्यवस्था लावूनच त्यांवर काम करतों, व त्या फोल्डरांतील चित्रांवर संगणकाचें “केवळ वाचनासाठीं” हें बंधनही घालून ठेवतों.

याच संबंधांत तारखेच्या दुरुस्तीचा प्रश्न येतो. डिजिकॅममध्यें चित्रांच्या तारखा ठराविक अंतरानें पुढें-मागें सरकविण्याची सोय आहे. माझ्या पुराच्या चित्रांस ती लावावी असें पुतण्यानें सुचविलें. अंतर किती हें ठरविण्यास आधार उत्तम मिळाला. त्याच गठ्ठ्यांत गांवच्या शाळेंतील ध्वजवंदनाचें चित्र होतें, तें १५ ऑगस्टचें यांत शंका नाहीं. कॅमेऱ्यानें त्यावर १४ जानेवारी २००३ घातलें होतें. १४ जानेवारी २००३ पासून १५ ऑगस्ट २००५ पर्यंत ९४४ दिवस होतात. पायऱ्यांचें चित्र कॅमेऱ्याच्या मतें बारा दिवस अगोदरचें, म्हणून तें ३ ऑगस्ट २००५ चें ठरतें. हिशेब बिनचूक आहे. तरी मूळ फाइलीवर तारीख फिरविण्यास माझें मन झालें नाहीं. हक्कनोंदणींत चुकलेला आंकडा खरवडून नवा घालण्याची मुभा नसते. चुकीवर आडवी रेघ, वर खरा आंकडा, बाजूस सही व तारीख अशी रीत असते, म्हणजे पुढच्यास चूकही दिसावी आणि दुरुस्तीही. त्याप्रमाणें मूळ चित्र २ जानेवारी २००३ या खोट्या तारखेसह तसेंच ठेवलें, जोडपत्रांत घड्याळाच्या चुकीचा सर्व खुलासा लिहिला, आणि एक प्रत काढून तीवर मात्र तारीख सुधारली. रोजच्या पाहण्यांत ती प्रत येते. पुतण्या म्हणतो, काकांनीं संगणकांतही मामलेदार कचेरी उघडली. म्हणो बापडा.

चित्रें एकमेकांस पाठविण्याच्या बाबतींत एक मोठी गैरसमजूत आहे. व्हॉट्सअॅपवर चित्र “फोटो” म्हणून पाठविलें कीं तें लहान केलें जातें आणि पोटांतील टिपण गळून पडतें; तारीख, स्थळ, शेरा, कांहीं राहत नाहीं. शेजाऱ्यानें पाठविलेलें बांधाचें चित्र म्हणून जें आपण जपून ठेवतों तें बिनतारखेचें व बिनसहीचें पत्र होय. तेंच “डॉक्युमेंट” म्हणून पाठविल्यास फाइल जशीच्या तशी जाते. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी आपल्या पिकाचें चित्र स्वतः पाठवूं लागले. ती नोंद सरकारी दप्तरीं जाते. त्याच वेळीं त्याच जागीं उभें राहून आपल्या कॅमेऱ्यानें वेगळें एक चित्र काढून घरच्या संग्रहांत ठेवावें, आणि त्यापूर्वीं मोबाइलचें घड्याळ व स्थळनोंद चालूं आहे हें पाहावें. याला अर्धा मिनिट लागतो.

शेवटची गोष्ट फाइली हलविण्याची व प्रतींची. फोल्डरांची नांवें बदलणें, चित्रें इकडून तिकडे नेणें, हें डिजिकॅमच्या आंतूनच करावें, म्हणजे जोडपत्र चित्राबरोबर चालतें. बाहेरून संगणकाच्या साध्या फोल्डरांतून चित्र उचललें आणि जोडपत्र मागें राहिलें, तर आई एका गांवीं व मूल दुसऱ्या गांवीं अशी स्थिति होते. प्रत घेतांना चित्रें, जोडपत्रें व नोंदवहीची फाइल अशीं तिन्ही घ्यावीं. आमच्याकडे एक प्रत घरच्या संगणकांत, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी डिस्क बहिणीच्या घरीं मिरजेस, कारण नदीचें पाणी घरांत आलें तर पहिल्या दोन्ही एकदमच जावयाच्या. दर चातुर्मासाच्या आरंभीं मिरजेची डिस्क आणून नवी भर घालून परत ठेवतों.

माझ्या संग्रहांत हा लेख लिहितांना साडेअकरा हजार चित्रें आहेत. पैकीं सुमारें सात हजारांस चिठ्ठ्या लागल्या आहेत. गोदामाचें जोतें वाढविण्याचा ठराव सोसायटींत मंजूर झाला असून यावेळीं पूररेषा ठरवितांना २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालांचीं चित्रें समोर ठेवावयाचीं आहेत. पहिल्या दोन सालांचीं माझ्याजवळ आहेत. जुलै २०२१ च्या पाण्याचें, मारुतीच्या पायऱ्या दिसत असलेलें चित्र मजपाशीं नाहीं. कृष्णाकांठच्या ज्या सभासदांनीं आपापल्या गांवीं त्या सालीं चित्रें काढलीं असतील त्यांनीं तीं आतांच हुडकून, स्थळ व तारीख लिहून, आपल्या सोसायटीच्या चिटणिसांकडे द्यावीं. आणि देतांना “डॉक्युमेंट” म्हणून द्यावीं.